यंत्राचा आवाज आणि माणसाचा शब्द

पनवेलच्या रेल्वे स्थानकांत आपण गाडीची वाट पाहत उभे असतों, तेव्हां डोक्यावरच्या कर्ण्यांतून एक आवाज येतो. कोणती गाडी कोणत्या फलाटावर येणार, कोणत्या वेळीं सुटणार, हें तो मराठींत, हिंदींत आणि इंग्रजींत सांगतो. पहाटेच्या पहिल्या गाडीला तो जितका टवटवीत असतो, तितकाच रात्रींच्या शेवटच्या गाडीलाही असतो. त्यास कधीं खोकला येत नाहीं, कधीं जांभई येत नाहीं, आणि गाडी तासभर खोळंबली तरी त्याच्या स्वरांत तिळमात्र फरक पडत नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. त्या वेळीं तेथें कोणी बोलतच नसतें. कोणा व्यक्तीनें पूर्वीं केव्हां तरी आंकडे, शब्द आणि गांवांचीं नांवें सुटीं सुटीं उच्चारून मुद्रित करून ठेविलेलीं असतात, आणि यंत्र तीं प्रसंगाप्रमाणें जोडून वाजवीत असतें. आपण त्या आवाजावर विसंबून जिना चढतों आणि उतरतों. त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं.

मग हेंच काम यंत्रानें नभोवाणीवर केलें तर काय बिघडलें? हा प्रश्न आम्हांस सुचला नाहीं. तो आमच्या एका विद्यार्थिनीनें विचारिला. वक्तृत्व-स्पर्धेची तयारी चालली असतां नववींतील ती मुलगी मागें रेंगाळली आणि म्हणाली, "सर, मला रेडिओवर निवेदिका व्हायचें आहे. पण आतां तिथें यंत्रच बोलणार, असें घरीं सगळे म्हणतात. मग मी हा नाद सोडून देऊं का?" त्या वेळीं आम्हांस तिला नीट उत्तर देतां आलें नाहीं. 'अभ्यास कर, पुढचें पुढें पाहूं,' असें कांहींसें बोलून आम्हीं वेळ निभावून नेली; परंतु तो प्रश्न मनांतून गेला नाहीं. तिला द्यावयाचें राहिलेलें उत्तर आज येथें देण्याचा विचार आहे. तें तिच्याइतकेंच इतर मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्याही उपयोगीं पडेल, अशी आशा आहे.

प्रथम नभोवाणीचा थोडा पूर्वेतिहास पाहूं. आपल्या देशांत नभोवाणीचा आरंभ मुंबईसच झाला. मुंबईच्या रेडिओ क्लबानें सन १९२३ च्या जून महिन्यांत हौसेनें कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास सुरुवात केली. पुढें 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' निघाली, आणि तिच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्तें झालें. त्या केंद्राच्या यंत्राची शक्ति अवघी दीड किलोवॉट होती आणि त्याच्या लहरी सुमारें तीस मैलांपर्यंत नीट ऐकूं येत. मुंबईपासून पनवेल सरळ रेषेंत वीस मैलांच्या आंतबाहेर असल्यामुळें आपलें गांव त्या पहिल्याच वर्तुळांत येत होतें. १९३० सालीं कंपनी बुडाली, सरकारनें तें काम आपल्या हातीं घेतलें, आणि ८ जून १९३६ पासून त्या खात्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. पुढें १९४८ सालीं नागपूरचें आणि १९५३ सालीं पुण्याचें केंद्र सुरू झालें. 'कामगारसभा', 'वनितामंडळ', 'गंमतजंमत', 'आपली आवड' हीं नांवें आजही वडीलधाऱ्या मंडळींच्या कानांत घुमत असतील.

ह्या सर्व काळांत ध्वनिक्षेपकापुढें बसलेला निवेदक नेमकें काय करीत असे? वरवर पाहतां तो बोलतो, एवढेंच दिसतें. परंतु बारकाईनें पाहिलें तर त्याच्या कामाचे तीन भाग पडतात. पहिला भाग उच्चाराचा: समोरचा मजकूर स्पष्ट, शुद्ध आणि कानास गोड लागेल असा वाचणें. दुसरा भाग निवडीचा: कोणती गोष्ट सांगावी, कोणती गाळावी, कोणती आधीं आणि कोणती मागून, हें ठरविणें. तिसरा भाग उत्तरदायित्वाचा: जें सांगितलें तें खरें आहे, ह्याची हमी घेणें आणि चुकल्यास चूक पदरीं घेणें. यंत्र माणसाची जागा घेईल काय, ह्या प्रश्नाचें एकच उत्तर देतां येत नाहीं, तें ह्याचमुळें. तीनही भाग निरनिराळे तपासले पाहिजेत.

पहिला भाग घेऊं. माणसाचा आवाज यंत्राकडून काढून घेण्याची खटपट जुनी आहे. एडिसननें १८७७ सालीं ग्रामोफोनाचा पूर्वज असा फोनोग्राफ बनविला. पण त्यांत माणसानें एकदां उच्चारलेलें तेवढेंच पुन्हां ऐकूं येई. १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या होमर डडली ह्यांचें 'व्होडर' नांवाचें यंत्र मांडलें होतें. तें मुद्रित केलेलें वाजवीत नसे, तर स्वर आणि व्यंजनें स्वतःच विजेनें निर्माण करी. मात्र पेटीवादकाप्रमाणें त्याच्या पट्ट्या आणि पायटा दाबण्यास एक शिकलेली व्यक्ति लागे, आणि ती विद्या हस्तगत होण्यास सुमारें एक वर्ष जाई. म्हणजे बोलणाऱ्या यंत्रामागेंही एक राबणारा माणूस होताच.

आजचीं यंत्रें निराळ्या मार्गानें जातात. एखाद्या व्यक्तीचें पुष्कळ तासांचें बोलणें आणि त्याचा लिखित मजकूर संगणकास दिला जातो. कोणत्या अक्षरांमागून कोणता ध्वनि येतो, वाक्याच्या शेवटीं स्वर कसा उतरतो, प्रश्न विचारतांना तो कसा चढतो, हें संगणक त्यांवरून स्वतः हुडकून काढतो. मग नवा मजकूर दिला असतां त्याच धाटणीची ध्वनिलहर तो कणाकणानें रचतो. २०१६ सालीं 'डीपमाइंड' संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या 'वेव्हनेट' ह्या पद्धतींत एका सेकंदाच्या आवाजासाठीं असे १६,००० कण एकामागून एक ठरवावे लागत. २०२३ च्या जानेवारींत 'मायक्रोसॉफ्ट' कंपनीनें जी पद्धति जाहीर केली, तिला अनोळखी माणसाच्या आवाजाची नक्कल करण्यास त्याचा तीन सेकंदांचा नमुना पुरत असे. तेव्हां पहिल्या भागांत यंत्रानें माणसास गांठलें आहे, हें मान्य केलें पाहिजे. साधें बातमीपत्र यंत्रानें वाचलें कीं माणसानें, हें ओळखणें आतां पुष्कळ वेळां कठीण होतें.

मराठींत मात्र ह्या यंत्रास अजून ठेंचा लागतात, आणि त्या कां लागतात हें समजून घेण्यासारखें आहे. आपल्या लिपींत च, ज आणि झ ह्या अक्षरांचे दोन दोन उच्चार होतात, पण लिहिण्यांत भेद नसतो. 'चार' आंब्यांतील च निराळा, गुरांच्या 'चाऱ्यां'तील निराळा. 'जग' म्हणजे विश्व, त्याचा ज एक. 'सुखानें जग' ह्या आशीर्वादांतील ज दुसरा. हिंदीच्या वळणावर शिकलेलें यंत्र दोन्ही ठिकाणीं एकच उच्चार करतें, आणि ऐकणाऱ्याच्या कानांत खडा टोचतो. गांवांचीं नांवें रोमन लिपींतून वाचावीं लागलीं, तर पळस्प्यांतील आणि तळोज्यांतील ळ चा ल होऊन जातो. हे दोष कायमचे आहेत, असें आम्ही म्हणत नाहीं. अधिक आणि चांगलें शिक्षण दिलें म्हणजे ते कमी होतील. परंतु जी भाषा फारशी लिहिली गेलीच नाहीं, तिचें काय? हें यंत्र लिखित आणि मुद्रित सामग्रीच्या राशींवर पोसतें. पनवेल-उरण भागांतील आगरी बोली किंवा आपल्या डोंगरांतील कातकरी बांधवांची बोली त्या राशींत मूठभरही नाहीं. घरांत ती बोली बोलणारें एखादें मूल उद्यां ध्वनिक्षेपकापुढें बसलें, तर जें काम करील, तें आजचें यंत्र करूं शकत नाहीं.

आतां दुसरा भाग, निवडीचा. ज्या यंत्रास कृत्रिम बुद्धि म्हणतात, तें आतां मजकूरही लिहितें. तें कसें? अगणित पुस्तकें आणि लेख चाळून त्यानें एवढेंच शिकून ठेविलेलें असतें कीं, अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक. 'आकाशांत ढग दाटून आले आणि' इतकें दिलें तर पुढें 'पाऊस' येईल, हें तें हेरतें. ह्या एका युक्तीचा विस्तार इतका प्रचंड झाला आहे कीं, त्यांतून निबंध, पत्रें आणि संभाषणेंही निघतात. परंतु एक गोष्ट विसरूं नये. जुलै महिन्यांतील पनवेलविषयीं बोलण्यास सांगितलें असतां हें यंत्र 'सरींवर सरी कोसळत आहेत' असें खुशाल लिहील, मग बाहेर लख्ख ऊन कां पडलेलें असेना! वेधशाळेचे आंकडे त्यास कोणी पुरविले तर गोष्ट वेगळी. आपण होऊन तें खिडकीबाहेर पाहत नाहीं.

एक घरगुती उदाहरण देतों. 'पाणी आलें' हे दोनच शब्द घ्या. मे महिन्यांत पनवेलच्या एखाद्या चाळींत हे शब्द कानीं पडले, म्हणजे बायाबापड्या हंडे घेऊन नळाकडे धांवतात. तेच शब्द जुलैच्या रात्रीं गाढी नदीच्या कांठीं कोणी उच्चारले, म्हणजे माणसें मुलांना कडेवर घेऊन उंच जागीं जातात. शब्द तेच, पण पहिल्यांत आनंद आणि दुसऱ्यांत भय. मागचापुढचा मजकूर पाहून यंत्र ह्यांतील भेद कित्येकदां ओळखील. परंतु ज्यानें रिकामा हंडा उचलला आहे किंवा पायरीवर चढणारें पाणी पाहिलें आहे, त्यास तो ओळखावा लागत नाहीं.

असे प्रयोग कोठें कोठें झाले, तेंही सांगितलें पाहिजे. आपल्याकडे दूरदर्शनच्या 'डीडी किसान' वाहिनीनें २६ मे २०२४ रोजीं 'कृष' आणि 'भूमी' हे दोन कृत्रिम निवेदक पुढें आणले. ते पन्नास देशीविदेशी भाषांत बोलूं शकतात आणि न थकतां अहोरात्र बातम्या वाचूं शकतात, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं एका रेडिओ-केंद्रानें जून २०२३ मध्यें आपल्याच निवेदिकेच्या आवाजाची यांत्रिक प्रतिकृति केली आणि कांहीं वेळ ती, कांहीं वेळ प्रतिकृति, अशी वांटणी केली. ही वांटणी उघड होती. श्रोत्यांस ती ठाऊक होती.

पोलंडांतील क्राकोव शहरीं मात्र निराळें घडलें. तेथील 'ऑफ रेडिओ क्राकोव' ह्या केंद्रानें ऑक्टोबर २०२४ मध्यें माणसांच्या जागीं तीन कृत्रिम निवेदक बसविले. त्यापूर्वीं जे पत्रकार तेथें कार्यक्रम करीत, त्यांचे करार संपविण्यांत आले होते. श्रोतेच उरले नव्हते म्हणून करार संपविले, यंत्रासाठीं नव्हे, असें चालकांचें म्हणणें होतें. त्या केंद्रावरून नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कवयित्री विस्लावा शिंबोर्स्का ह्यांची एक 'मुलाखत' ऐकविण्यांत आली. त्या बाई २०१२ सालींच वारल्या होत्या! मुलाखतीचा विषय होता २०२४ चें नोबेल पारितोषिक. जें त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं, त्याविषयीं त्यांच्या तोंडीं वाक्यें घालण्यांत आलीं. हजारों लोकांनीं निषेधपत्रावर सह्या केल्या, आणि तीन महिने चालावयाचा तो प्रयोग सुमारें एका आठवड्यांत आटोपता घ्यावा लागला.

ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहराची गोष्ट ह्याहून बोधप्रद आहे. तेथील 'कॅडा' ह्या केंद्रावर 'थाय' नांवाची एक निवेदिका रोज चार तास गाणीं ऐकवी. सुमारें सहा महिने लोकांनीं ती ऐकिली. ती कोण, कोठची, ह्याची विचारपूस कोणी तरी सुरू केली, तेव्हां एप्रिल २०२५ मध्यें उलगडा झाला कीं, ती व्यक्ति मुळीं नाहींच. कंपनीच्या हिशेब खात्यांतील एका नोकराच्या आवाजावरून तिचा आवाज बनविला होता. यंत्राचा उपयोग केला म्हणून लोक जितके रागावले नाहींत, तितके तें आपणांपासून लपविलें म्हणून रागावले. स्थानकावरील आवाजाचा आपणांस राग येत नाहीं, कारण तो आपली मैत्री सांगत नाहीं. जो आवाज 'मी तुमचा स्नेही' असें म्हणतो, त्याच्यामागें कोणी असलेंच पाहिजे.

ह्या 'कोणी'चें महत्त्व मराठी श्रोत्यांस समजावून सांगावें लागेल, असें वाटत नाहीं. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' ह्या मालिकेंतील प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी हीं कल्पित पात्रें होतीं, हें प्रत्येकास ठाऊक होतें. तरी प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुरतडकर ह्यांच्या मुखांतून तीं बोलूं लागलीं कीं, शेजारच्या बिऱ्हाडांतील भांडण ऐकावें तसे लोक ऐकत. अमीन सयानी ह्यांची 'बिनाका गीतमाला' डिसेंबर १९५२ मध्यें रेडिओ सिलोनवरून सुरू झाली. त्यांच्या बोलण्याची नक्कल गांवोगांवच्या स्नेहसंमेलनांतून मुलांनीं केली. त्या नकलेस टाळ्या पडत; पण नक्कल करणाऱ्यास कोणी अमीन सयानी समजलें नाहीं. २० फेब्रुवारी २०२४ रोजीं ते निवर्तले, तेव्हां ज्यांनीं त्यांस कधीं पाहिलें नव्हतें, त्यांसही घरचें माणूस गेल्यासारखें झालें.

तिसरा भाग उत्तरदायित्वाचा. तो आमच्या मतें सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचें उत्तम उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें. १९४२ च्या ऑगस्टमध्यें 'चले जाव' चळवळ पेटली, पुढारी तुरुंगांत गेले आणि वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. त्या वेळीं उषा मेहता ह्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें आपल्या सहकाऱ्यांसह 'काँग्रेस रेडिओ' हें गुप्त केंद्र उभारिलें. २७ ऑगस्ट १९४२ रोजीं त्यावरून पहिला आवाज उमटला. पोलिसांस माग लागूं नये म्हणून यंत्रसामग्री मुंबईंत एका जागेवरून दुसऱ्या जागीं हलवावी लागे. जी वार्ता छापण्यास वृत्तपत्रें धजत नव्हतीं, ती, आष्टी-चिमूर येथील दडपशाहीची वार्तासुद्धां, ह्या केंद्रानें लोकांपर्यंत पोंचविली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं छापा घालून त्यांस पकडलें. उषाताईंस चार वर्षांची शिक्षा झाली, आणि १९४६ सालीं त्या सुटल्या. पुढें १९९८ सालीं त्यांस 'पद्मविभूषण' मिळालें.

आतां विचार करा. त्या केंद्राचा आवाज फार मधुर होता, म्हणून का लोक त्यावर विश्वास ठेवीत होते? त्या खरखरणाऱ्या लहरींत माधुर्य कोठून असणार! विश्वासाचें कारण असें होतें कीं, बोलणारा आपल्या बोलण्यापायीं तुरुंगांत जाण्यास सिद्ध होता. यंत्रास तुरुंग नाहीं, लाज नाहीं, पश्चात्ताप नाहीं. तें चुकलें तर त्याच्या मालकास दंड करतां येईल. पण यंत्राची मान खालीं जाणार नाहीं. मराठींत 'शब्द' ह्या एकाच पदाचे दोन अर्थ आहेत. तोंडांतून निघालेला ध्वनि हाही शब्द, आणि दिलेलें वचन हाही शब्दच. यंत्र पहिला शब्द उच्चारूं शकतें. दुसरा देऊं शकत नाहीं.

संकटाच्या प्रसंगीं हा भेद जीवनमरणाचा होतो. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि गाड्या बंद पडून असंख्य लोक वाटेंतच अडकले. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळें ह्या भागांत कित्येक दिवस वीज नव्हती, आणि भ्रमणध्वनीचे मनोरे निकामी झाले होते. त्या दिवशीं आमच्या घरींही दिवे गेले. कपाटावर धूळ खात पडलेला पेटाऱ्यावरचा जुना रेडिओ वडिलांनीं खालीं काढिला, विजेरींतील सेल त्यांत घातले, आणि आम्ही सगळे त्याभोंवतीं बसलों. छपरावर पत्र्यांचा खडखडाट चालला होता. बातमीपत्रांतलें एक एक गांवाचें नांव ऐकतांना, हें कोणा जिवंत माणसानें विचारून, पडताळून मग सांगितलें आहे, एवढ्या भरंवशावर आम्ही तग धरून होतों. अशा वेळीं चुकीच्या गांवाचें नांव उच्चारलें गेलें तर माणसें भलत्या दिशेनें पळतात.

लहान केंद्रांचीही गोष्ट तीच. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यांत म्हसवड येथें २००८ सालीं 'माणदेशी तरंग वाहिनी' हें सामुदायिक रेडिओ-केंद्र सुरू झालें. तेथें बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजारांत भाजी घेतात. चुकीचें सांगितलें तर दुसऱ्या दिवशीं वाटेंत कोणी तरी थांबवून जाब विचारील, ही भीति त्या निवेदकास सरळ ठेवते. आणि 'तुझें कालचें बोलणें आवडलें' ही शाबासकीही त्याच वाटेवर मिळते.

ह्याचा अर्थ यंत्र टाकाऊ आहे, असा कोणी करूं नये. मध्यरात्रीं हवामानाचे आंकडे वाचणें, एकच सूचना दहा भाषांत देणें, अंध बांधवांस पुस्तक वाचून दाखविणें, ज्यांची वाचा आजारानें गेली त्यांस आवाज देणें, हीं कामें यंत्रानें जरूर करावींत. किंबहुना तीं त्यानें केलीं नाहींत तर पुष्कळ ठिकाणीं कोणीच करणार नाहीं. यंत्राचा द्वेष करणें हें विद्यार्थ्यास शोभत नाहीं. परंतु एक धोका डोळ्यांआड करूं नये. नवशिका निवेदक पहिल्या दिवशीं मोठी मुलाखत घेत नाहीं. तो पहाटेचें बाजारभावाचें पत्रक वाचून हात बसवितो. नेमकीं हींच लहान कामें यंत्राकडे आधीं जातील. शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून घेतल्यावर वरच्या पायरीवर माणूस पोंचणार कसा, ह्याचा विचार केंद्रांच्या चालकांनीं केला पाहिजे. काटकसरीच्या भरांत उद्यांचे निवेदकच घडले नाहींत, तर परवां यंत्रास शिकविण्यासाठीं तरी आवाज कोणाचा घेणार?

पालकांसाठीं आणखी एक सूचना. ज्या विद्येनें यंत्र निवेदकासारखें बोलतें, त्याच विद्येनें ठकसेन तुमच्या मुलासारखे बोलूं शकतात. 'बाबा, मी संकटांत आहें, ताबडतोब पैसे पाठवा' असा ओळखीचा आवाज दूरध्वनीवरून आला, तरी प्रथम तो बंद करावा आणि मुलाच्या नेहमींच्या क्रमांकावर आपण स्वतः फिरवून पाहावें. घरच्या माणसांनीं आपसांत एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. फसवणूक झालीच तर १९३० ह्या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवावें. आवाज हा माणसाच्या मालकीचा आहे, हें न्यायालयांनींही मानूं लागण्यास आरंभ केला आहे. गायक अरिजित सिंग ह्यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करणाऱ्यांस मुंबई उच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें मनाई केली, आणि २०२५ सालीं आशा भोसले ह्यांच्या आवाजासही तसेंच संरक्षण दिलें.

आतां त्या विद्यार्थिनीस द्यावयाचें उत्तर. मुली, तुला खोटी आशा दाखविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. पुढें ठेविलेला कागद नुसता गोड आवाजांत वाचणाऱ्याचें काम यंत्र करील, आणि तशा जागा कमी होतील. म्हणून तूं नुसती वाचणारी होऊं नकोस. उच्चार शुद्ध ठेव, आजी-आजोबांची बोली कानांत सांठव, बाजारांत, एस. टी. च्या थांब्यावर, शेताच्या बांधावर माणसें काय बोलतात आणि काय बोलावयाचें टाळतात, तें ऐकत जा. जी गोष्ट सांगावयाची, ती आधीं स्वतः पडताळून पाहा. आणि चुकलीस तर दुसऱ्या दिवशीं त्याच ध्वनिक्षेपकापुढें बसून, 'काल माझी चूक झाली,' असें म्हणण्याचें धैर्य अंगीं बाणव. हें जो करील, त्याची जागा घेणारें यंत्र आम्हांस तरी अजून दिसलें नाहीं.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजीं उषा मेहता पकडल्या गेल्या. त्यानंतर बरोबर पांच वर्षांनीं, १२ नोव्हेंबर १९४७ रोजीं, महात्मा गांधी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रांत गेले. कुरुक्षेत्राच्या छावणींत उघड्यावर पडलेल्या निर्वासितांपर्यंत त्यांस प्रत्यक्ष जातां येत नव्हतें, म्हणून ते ध्वनिक्षेपकापुढें बसून त्यांच्याशीं बोलले. त्या केंद्रांत ते त्या एकाच वेळीं गेले, आणि तो दिवस आपल्या देशांत लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जातो. त्यांचा आवाज क्षीण होता, आणि वक्त्याची ऐट तर त्यांच्यापाशीं कधींच नव्हती. छावणींतील माणसांनीं तो जिवाचा कान करून ऐकिला असेल, तर तो कोणाचा आहे हें त्यांस ठाऊक होतें म्हणून. निवेदक होऊं इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनें एवढें ध्यानांत ठेवावें, आणि उद्यांपासून रोज पंधरा मिनिटें कांहीं तरी मोठ्यानें वाचण्याचा परिपाठ ठेवावा. पहिले श्रोते म्हणून घरांतील मंडळी आहेतच.